यादीत नाव नसले तर



दहावीचा निकाल लागला की गावोगाव पेढे वाटले जातात. ते पेढे संपतात न संपतात तोच घरात दुसरी एक काळजी येऊन बसते, आणि ती पाहुण्यांपेक्षा जास्त दिवस मुक्काम करते. ही काळजी कॉलेजच्या प्रवेशाची. यादी केव्हा लागणार, तीत नाव येणार की नाही, आणि नाही आले तर पुढे काय? निकाल एका दिवसात लागून मोकळा होतो. प्रवेशाचे तसे नाही. तेथे पहिली यादी, दुसरी यादी, प्रतीक्षा यादी, तात्पुरता प्रवेश, राखून ठेवलेला प्रवेश अशी शब्दांची रांगच उभी असते. ह्या शब्दांचा अर्थ नीट न कळल्यामुळे घराघरांत जे निर्णय घाईने घेतले जातात, त्यांविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

मी नवी मुंबईत एका महाविद्यालयात शिकवतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसू लागले. त्यामुळे आमच्या वर्गात एकाच बाकावर तऱ्हेतऱ्हेची मुले बसतात. कोणी इथल्या मूळच्या आगरी-कोळी घरांतली, कोणी तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांची, कोणी वाशी-नेरूळच्या उंच इमारतींतली. जानेवारी २०२४ मध्ये लोकल गाडी उरणपर्यंत गेली, तेव्हापासून तिकडची मुलेही सकाळच्या गाडीने येऊ लागली आहेत. जून-जुलैत आम्हा अध्यापकांना आळीपाळीने प्रवेशाच्या टेबलावर बसावे लागते. तेथे समोर येणारी मुले तरी निदान बोलतात. त्यांच्यामागे उभे असलेले आईबाप मात्र पुष्कळदा काही विचारतच नाहीत. नुसते आमच्या तोंडाकडे पाहत राहतात.

अशाच एका वडिलांनी मला एकदा धीर करून विचारले होते, "सर, पोरीचं नाव यादीत न्हाई आलं. मंजी नापासच म्हणायची का?"

मुलीला ७८ टक्के गुण होते. अर्जात तिने चारच कॉलेजे लिहिली होती, आणि चारही अशी की जेथे नव्वदीच्या खाली सहसा कोणाचा लाग लागत नाही. मैत्रिणींनी लिहिली म्हणून हिनेही तीच लिहिली. पहिल्या यादीत चारांपैकी एकही मिळाले नाही. त्याच संध्याकाळी वडिलांनी एका खाजगी संस्थेत जाऊन, प्रवेश हमखास करून देतो असे सांगणाऱ्या कारकुनाच्या हातावर पाच हजार रुपये ठेवले होते. पावती साध्या कागदावरची होती. मुलीला दुसऱ्या फेरीत पसंतीची नावे वाढवून सरळ मार्गाने चांगले कॉलेज मिळाले. ते पाच हजार परत आले नाहीत.

आता हा गृहस्थ काही भोळा नव्हता. बाजारात वजनकाट्याशी त्याची रोजची ओळख. तरी येथे फसला, कारण हा तराजू कसा चालतो ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते आपण आज पाहू.

पूर्वी प्रत्येक कॉलेज आपापले अर्ज विकी, आपापली यादी दारावरच्या फळ्यावर लावी. ज्याला पाच कॉलेजांत अर्ज करायचे त्याने पाच ठिकाणी रांगा लावायच्या. २००९ सालापासून मुंबई महानगर विभागात, म्हणजे नवी मुंबईतही, अकरावीचे प्रवेश संगणकावरून एकत्र होऊ लागले. पुढे इतर काही मोठ्या शहरांत ही पद्धत गेली, आणि २०२५ साली ती साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. म्हणजे जी गोष्ट काल-परवापर्यंत शहरातल्या लोकांची डोकेदुखी होती, ती आता तालुक्याच्या आणि खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयालाही लागू आहे. म्हणूनच हा विषय आज आपल्यासमोर मांडावासा वाटला.

ह्या पद्धतीत मुलाने आपल्या पसंतीची कॉलेजे क्रमाने लिहायची. २०२५ च्या नियमांत कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा लिहिता येत होती. मग संगणक काय करतो? कल्पना करा की एका मोठ्या चावडीत सारी मुले गुणांच्या क्रमाने उभी आहेत. कारकून पहिल्या मुलाला हाक मारतो. तुझी पहिली पसंती कोणती? तेथे जागा आहे? आहे. मग ती तुझी. असे करीत करीत तो तुमच्या मुलीपर्यंत येतो. तुझी पहिली पसंती? ती भरली. दुसरी? तीही भरली. तिसरी? तेथे दोन जागा शिल्लक आहेत. घे त्यातली एक. राखीव जागांचा हिशेब ह्यात वेगळा मिसळतो, पण गाभा हाच.

ह्यातून एक गोष्ट ध्यानात येईल, आणि आजच्या साऱ्या बोलण्यात हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या क्रमांकावर अवघड कॉलेज लिहिल्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या कॉलेजातला तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तुमच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाने ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिले असले, तरी कारकुनाची हाक आधी तुम्हालाच येते. कित्येक घरांत नेमके उलटे सांगितले जाते. "मोठं कॉलेज वर लिहून पसंती वाया घालवू नको, मिळेल तेच पहिलं लिही." हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. पसंती वाया जाते ती सारीच्या सारी नावे अवघड लिहिल्याने, त्या माथाडी कामगाराच्या मुलीसारखी. क्रम मनातलाच ठेवावा. यादी मात्र लांब असावी, आणि तिच्या शेवटी दोन-तीन नावे अशी असावीत की जेथे आपल्या गुणांना गेल्या वर्षी सहज जागा होती.

पसंतीच्या क्रमावरून जागा वाटण्याचा हा प्रश्न गणितज्ञांनीही पुष्कळ अभ्यासलेला आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली ह्या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली कॉलेजप्रवेशावर एक छोटासा निबंध लिहिला. मुलाने आपल्या पसंतीप्रमाणे कॉलेजांची दारे ठोठावावी. कॉलेजने त्याला लगेच कायमचा होकार न देता तात्पुरते धरून ठेवावे. अधिक पात्र मुलगा आला तर आधीच्याला सोडावे, मग त्याने आपल्या पुढच्या पसंतीकडे जावे, अशी त्यांची रीत होती. ह्या रीतीत मुलाला आपली खरी पसंती लपवून काहीच फायदा होत नाही, हे पुढे गणिताने सिद्ध झाले. २०१२ साली शॅप्ली ह्यांना आल्विन रॉथ ह्यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हेच काम होते. आपल्याकडची पद्धत अगदी हीच नव्हे. पण खरी पसंती वर लिहावी, एवढा भाग दोन्हीकडे सारखा लागू पडतो.

मात्र ह्याला एक अट चिकटलेली आहे आणि तिने पुष्कळ मुले अडकतात. पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले, तर ते घेतलेच पाहिजे असा अकरावीचा नियम आहे. न घेतल्यास २०२५ च्या नियमांप्रमाणे त्या मुलाला पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर व्हावे लागे आणि सर्वांसाठी खुली असलेली शेवटची फेरी येईपर्यंत थांबावे लागे. तेव्हा जे कॉलेज मनापासून नको आहे, ज्याची फी झेपणार नाही, जेथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, ते पहिल्या ओळीत कधीही लिहू नये. "मिळेल तेच पहिलं लिही" ह्या सल्ल्याचा खरा तोटा येथे आहे. ते मिळते, आणि मग त्यातून सुटका नसते.

दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर निवड तुमच्या हातात असते. घ्या, नाहीतर पुढच्या फेरीची वाट पाहा. पण ही वाट पाहणे रेल्वेच्या प्रतीक्षा यादीसारखे नव्हे, हे समजून घ्यावे. रेल्वेत तुमचा बारावा क्रमांक असला आणि पुढच्या तिघांनी तिकिटे रद्द केली की तुम्ही नववे होता. तेथे क्रमांक तुमच्या नावाने राखलेला असतो. अकरावीत असा राखलेला क्रमांक नाही. प्रत्येक फेरीत उरलेल्या साऱ्या मुलांना पुन्हा गुणांच्या क्रमाने उभे करतात आणि उरलेल्या जागा नव्याने वाटतात. जी जागा तुम्ही आज नाकारली ती तुमच्यासाठी कोणी सांभाळून ठेवीत नाही. पुढच्या फेरीत ती दुसऱ्याला जाईल. म्हणून मिळालेली जागा सोडण्यापूर्वी एवढेच विचारावे, की पुढे याहून चांगले मिळालेच नाही तर आहे ते गेल्याचे दुःख किती होईल?

अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत रीत निराळी आहे. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे ज्या फेऱ्या होतात, त्यांत मिळालेली जागा पक्की करता येते. त्याला तेथे 'फ्रीज' म्हणतात. किंवा ती हातात ठेवून अधिक चांगली मागता येते. त्याला 'बेटरमेंट' म्हणतात. म्हणजे एका फांदीवर पाय ठेवून वरच्या फांदीला हात घालण्याची तेथे सोय आहे. पण वरची हाती आली की खालची आपोआप सुटते, मग मागे येता येत नाही. कोणत्या फेरीत कितव्या पसंतीपर्यंतची जागा आपोआप पक्की होते ह्याचे आकडे अधूनमधून बदलतात. तेव्हा थोरल्या भावाच्या वेळी काय झाले ह्यावर धाकट्याने विसंबू नये. त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच पाहावी.

आता कोणी विचारील, की पहिल्या यादीत सारे भरले तर दुसऱ्या यादीसाठी जागा येतात कोठून? त्याचे उत्तर फार सोपे आहे. मुले हलतात. कोणी आयटीआयला जातो, कोणी पदविकेला तंत्रनिकेतनात जातो, कोणाच्या वडिलांची बदली होते, कोणी नाव येऊनही फिरकत नाही. शिवाय प्रत्येक कॉलेजात काही जागा कोट्याच्या असतात. त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांसाठी १० टक्के, व्यवस्थापनाच्या हातातल्या ५ टक्के, आणि अल्पसंख्याक संस्था असेल तर त्या समाजासाठी ५० टक्के. ह्यांतल्या ज्या भरत नाहीत त्या कॉलेज सर्वांच्या फेरीत परत करू शकते. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीला खरोखरच अर्थ असतो.

२०२५ च्या पहिल्या सर्वसाधारण फेरीचेच पाहा. सुमारे साडेदहा लाख मुले त्या फेरीत होती. सहा लाख बत्तीस हजारांहून अधिक मुलांना जागा मिळाली, त्यांतल्या साडेचार लाखांहून अधिकांना अगदी पहिल्या पसंतीची. उरलेल्या चार लाखांवर मुलांचे नाव त्या यादीत नव्हते. आणि राज्यातल्या अकरावीच्या एकूण जागा होत्या वीस लाखांहून अधिक! म्हणजे जागा कमी पडल्या म्हणून चार लाख मुले बाहेर राहिली असे नव्हे. सर्वांनी तीच ती कॉलेजे लिहिली म्हणून राहिली. त्या चार लाख घरांत त्या रात्री काय वातावरण असेल त्याची आपण कल्पना करू शकता, आणि त्यांतली किती घरे उगाच घाबरली असतील त्याचीही.

'कट-ऑफ' ह्या शब्दाविषयीही थोडा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते की कॉलेजने अमुक टक्क्यांची मर्यादा ठरवली आहे आणि त्याखाली प्रवेशबंदी आहे. वस्तुतः कॉलेज असे काही ठरवीत नाही. त्या फेरीत जो शेवटचा मुलगा आत गेला त्याच्या गुणांना कट-ऑफ म्हणतात. तो आकडा वाटप झाल्यावर तयार होतो, आधी नाही. मुले हलली की बहुधा तो खाली येतो. क्वचित दुसऱ्या फेरीत थोडा वरही चढतो, कारण जागा दोनचारच उरलेल्या असतात आणि नव्याने पसंती बदललेला एखादा हुशार मुलगा तेथे येतो. गेल्या वर्षीचे कट-ऑफ पाहावेत जरूर, पण पावसाचा अंदाज पाहावा तसे.

बारावीनंतर कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवीसाठी मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत सहसा तीन गुणवत्ता याद्या लागतात. येथे मुलाला एकाहून अधिक कॉलेजांत नाव लागू शकते, आणि एका ठिकाणी पैसे भरल्यावर दुसरीकडचे बोलावणे येऊ शकते. भरलेली फी बुडाली असे समजून पुष्कळ पालक मुलाला नको त्या जागी ठेवतात. तर हे माहीत असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या सूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अखेरच्या तारखेच्या निदान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर सर्व शुल्क परत द्यायचे. त्यातून प्रक्रियेचा खर्च म्हणून फार तर ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांच्या वर नाही, एवढेच कापता येते. त्या १५ दिवसांत रद्द केला तर ९० टक्के. तारीख उलटून गेल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, नंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत असेही त्यात आहे. कारकुनाशी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, त्याची प्रत शिक्का मारून घ्या, आणि वर तारीख घाला. टक्का तारखेवर ठरतो, आवाजाच्या उंचीवर नव्हे.

मुलींच्या बाबतीत तर घाईचा तोटा याहून मोठा आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय घेतला, की ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ. पण ही माफी शासनाच्या केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणाऱ्या मुलीला आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून किंवा परस्पर संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ती नाही. म्हणजे पहिल्या यादीत नाव आले नाही म्हणून घाबरून कोणी परस्पर जागा विकत घेतली, तर त्याने नुसते जास्तीचे पैसे भरले असे होत नाही. जी फी शासन माफ करणार होते तीही वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून भरण्याचे कबूल केले. मी स्वतः असे दोन बाप पाहिले आहेत. एकाने त्यासाठी बैलजोडी विकली होती.

आता थोडे दुसऱ्या तऱ्हेच्या थांबण्याविषयी. यादीत नाव नसणे वेगळे आणि प्रवेश राखून ठेवलेला असणे वेगळे. राखून ठेवला म्हणजे नाकारला असा अर्थ नव्हे. पुष्कळदा एखादा कागद कमी असतो. जातवैधतेचे प्रमाणपत्र यायचे असते, उत्पन्नाचा किंवा नॉन-क्रीमी लेयरचा दाखला जुना झालेला असतो. समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत देण्याची सवलत शासनाने काही वर्षी दिलेली आहे. ती मुदत मात्र कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी, कारण ती चुकली की राखीव जागा जाते आणि खुल्या यादीतले दार तोपर्यंत मिटलेले असते. दहावीत एखाद्या विषयात राहिलेल्यांचेही असेच. २०१५ सालापासून पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यानंतर लगेच होऊ लागली, आणि तीत उत्तीर्ण झालेल्याला त्याच वर्षी पुढे जाता येते. "आता मार्चपर्यंत शेतावर ये" असे त्या पोराला सांगण्याचे काही कारण उरलेले नाही.

पण कधी कधी थांबणे कोणा एका मुलाचे नसते, साऱ्यांचेच असते. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि अकरावीची पहिली यादी लागून गेल्यावर पुढचे प्रवेश थांबले. नोव्हेंबरच्या अखेरीस शासनाचा निर्णय झाला, तेव्हा कोठे गाडी पुढे सरकली. पुढल्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षाच झाली नाही. अकरावीसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा ठरली, ती १० ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. न्यायालयांचे निर्णय योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. वाशीच्या इमारतीतला मुलगा हे अडीच महिने घरी बसून शिकवणी करीत होता. त्याचे फार तर दिवस गेले. खेड्यातल्या मुलीचे तसे नसते. ती भात कापायला जाते, धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि "कॉलेजचं काही कळत नाही ना अजून" एवढ्यावर घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. डिसेंबरात यादी लागली तेव्हा आमच्याकडे नाव आलेल्या काही मुली आल्याच नाहीत. विलंबाचा खर्च सर्वांना सारखा पडत नाही, हे वेळापत्रके आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे असे माझे मत आहे.

आणि विलंब झाला म्हणजे शिक्षण सुटलेच पाहिजे असेही नाही. त्यासाठी मधल्या काळात दार उघडे ठेवण्याची व्यवस्था आधी करून घ्यावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडनला अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी दाखल झाले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य झाले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्‌सी., १९२३ मध्ये डी.एस्‌सी. ती मुदत त्यांनी पाळली, आणि मुळात ती मागून ठेवली होती.

परदेशी विद्यापीठांत आजही दोन्ही प्रकार आहेत. आमच्या नेरूळ-वाशीकडे ज्यांची मुले अमेरिकेत अर्ज करतात त्यांच्याकडून हे शब्द आता गावाकडच्या नातेवाइकांपर्यंतही पोचले आहेत. तेथे लवकर केलेल्या अर्जाचा निर्णय पुढे ढकलला, तर तो अर्ज नंतरच्या सर्वसाधारण अर्जांबरोबर पुन्हा पाहतात. प्रतीक्षा यादीवर ठेवले, तर आधी बोलावलेली मुले येणार की नाही हे कळेपर्यंत थांबवतात. साधारणपणे १ मे ही त्यांची होकार कळवण्याची तारीख. गुणांचा क्रम तेथे जाहीर नसतो, त्यामुळे आपण कितवे हे कळत नाही. शहाणा मुलगा दुसऱ्या विद्यापीठात जागा पक्की करून मगच तेथे थांबतो.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. आपण दहावीच्या वर्गाला वर्षभर व्याकरण, भूमिती, नकाशे शिकवतो. पण पसंतीचा अर्ज कसा भरावा ह्याचा एक तास घेत नाही. मग ते काम तालुक्याच्या नाक्यावरचा संगणकवाला करतो. तो वाईट असतो असे नाही, पण त्याच्याकडे वीस मुले उभी असतात आणि मुलाच्या घरची परिस्थिती त्याला ठाऊक नसते. घाईत तो अर्जात मोबाइल क्रमांकही आपलाच घालतो. मग पुढचे सारे संदेश, गुप्त क्रमांक, नाव लागल्याची खबर त्याच्या फोनवर, आणि प्रवेश घेण्याची मुदत अवघी दोनतीन दिवसांची! नाव लागूनही न कळल्यामुळे जागा गेल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा क्रमांक घरातल्याच माणसाचा घाला. घरात फोन नसेल तर वर्गशिक्षकांनी आपला द्यावा, आणि तसे वहीत नोंदवून ठेवावे.

निकालापूर्वीच्या सुट्टीत एखादी सकाळ शाळेत ह्यासाठी काढता येईल. प्रत्येक मुलाला कोरा कागद द्या. त्यावर पेन्सिलीने दहा कॉलेजांची नावे लिहायला सांगा. प्रत्येक नावापुढे गेल्या वर्षीचा कट-ऑफ, वर्षाची फी, घरापासूनचे अंतर आणि एसटीची किंवा लोकलची वेळ लिहू द्या. वसतिगृह आहे की नाही तेही. हा कागद घरी न्यावा, आईला वाचून दाखवावा, कारण संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने मुलगी परत येईल की नाही हा प्रश्न तीच विचारणार आहे. निकाल लागला की खोडरबर घेऊन पुन्हा बसावे, क्रम बदलावा, आणि मगच संगणकासमोर जावे.